कुमुद मॅडम आणि अणूतली रिकामी जागा

कुमुद मॅडमच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. इथं येताना वाटत होतं, तोंड उघडलं की रडू फुटेल. पण मघाचं संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण ऐकलं आणि रडू आटलं. आता राग तेवढा उरलाय. सांभाळून घ्या.

मी वंदना, चुडाव्याची. याच कॉलेजात कुमुद मॅडम आम्हाला फिजिक्स शिकवायच्या. एक्स-रेनं अणूच्या अगदी आतला इलेक्ट्रॉन उडाला की पुढं काय होतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मी वर्गात विचारलं होतं, "मॅडम, आतला एकच गेला ना? मग बाहेरचे कामून जायलेत?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर विचारलंस. आतली जागा रिकामी राहत नाही गं. वरचा एक तिथं पडतो. त्या पडण्यातून सुटलेली ऊर्जा दुसऱ्याला बाहेर फेकते. एक जागा भरली, दोन मोकळ्या झाल्या. मग परत तेच."

एका मोठ्या प्रयोगशाळेनं त्यांना हा प्रयोग करायला बोलावलं. मॅडमनी रजा मागितली. अध्यक्षांकडून उत्तर काय मिळालं? "परभणीच्या लेकरांना याचा काय उपयोग?" बिनपगारी रजा टाकून त्या गेल्या. मदतीला मलाही नेलं. आमच्या आईला म्हणाल्या, "पोरगी माझ्या जबाबदारीवर."

झेनॉन वायूवर एक्स-रे सोडले. कोणत्या अणूनं किती इलेक्ट्रॉन गमावले, ते पडद्यावर उमटायला लागलं. मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. "वंदे, बघ! तुझ्या प्रश्नाचं उत्तर."

परत आलो, तर कॉलेजातल्या मॅडमच्या लॅबला दुसरं कुलूप. खिडकीतून पाहिलं, आत सोफे. पाहुण्यांची बैठक केली होती. मॅडमनी हातानं जोडलेला व्हॅक्यूम पंप भंगारात. त्या एवढंच म्हणाल्या, "मला विचारायचं तरी."

कुणी विचारलं? पुढं विद्यार्थी कमी म्हणून विभागच बंद केला. मॅडम पिंगळी गावातल्या घरी, ओसरीवर शिकवत राहिल्या. तिथंच मंगळवारी, शिकवता शिकवता, त्यांचं हृदय थांबलं.

आणि आज त्या 'संस्थेचं भूषण' झाल्या! याच माईकवरून म्हणालात तुम्ही, अध्यक्षसाहेब. जीभ कशी रेटली?

मॅडमच्या विद्यार्थ्यांनो, उभे राहा. दोन मिनिटं शांत राहू. पुढच्या रांगेतल्या सर लोकांनी बसूनच राहावं. विभाग बंद केला त्या बैठकीत तुमचं मौन पाळून झालंय.

मॅडम, नमस्कार करते.