तिसऱ्या नाटकाच्या जागी सत्कार

आणि शाल-नारळ आणायला तुम्हाला वेळ मिळाला, हॉल सजवायला मिळाला, पण नाटक बसवलेल्या बायांना "आज तुमचं नाटक नाही" एवढं सांगायला कुणाला वेळ मिळाला नाही. मी घरून निघाले ती नाटक करायला. दारात येऊन बघते तर पाटी बदललेली, 'निरोप व सत्कार समारंभ'. हे आधी बोलून घेते, नमस्कार मागून करते. नाहीतर ते पोटात राहील आणि नमस्कार खोटा होईल.

तर आजच्या समारंभाचे आणि आपल्या खाडीकाठ नाट्यसंस्थेचेही अध्यक्ष, माझे धाकटे दीर केसरीनाथ भावजी. नाटकं बसवणारे दत्तोपंत. आज ज्यांना निरोप द्यायचा त्या शाळेतल्या सुमतीबाई. आणि समोर बसलेले शेलारचे, कशेळीचे, भिवंडी गावातले वडीलधारे, बायाबापड्या, पोरंटोरं. सगळ्यांना कमळा भोईरचा नमस्कार. मी चौथी शिकलेली. बाईंविषयी दोन शब्द बोल म्हणून मला उभं केलंय. दोनात भागायचं नाही.

ही संस्था काढली कुणी? बाईंनीच ना? भिवंडीत माग आहेत, गोदामं आहेत, लग्नाचे हॉल आहेत, मग आपलं नाटक का नको, असं म्हणत ह्या दारोदार फिरल्या. संस्था सुरू करायची ती महोत्सवानं. तीन दिवस, तीन कोरी नाटकं, आधी कुणी केलेली नाहीत अशी. पहिली दोन दत्तोपंतांनी लिहिलेली, तिसरं बाईंचं. तालमीला भावजींनी आपला मागांचा कारखाना दिला. त्याचे आभार मी मानते, खोटं कशाला बोलू? फक्त लूम चालू असताना दिला. धंदा आहे, बंद कसा ठेवणार?

मग आम्ही सगळे त्या लूमच्या वर आवाज काढून नाटक शिकलो. दत्तोपंत मधोमध खुर्ची टाकून बसायचे आणि कानाला हात लावून म्हणायचे, "ऐकू येत नाही, मोठ्यानं." चार महिने मोठ्यानं. परवा ह्याच हॉलमध्ये पहिलं नाटक झालं. बाप शेवटचा श्वास घेतोय आणि मुलगा त्याच्या कानात गुपित सांगतोय. तो मुलगा असा ओरडला की मागून कुणीतरी बोललं, "आरं हळू, म्हातारा आजून मेला न्हाय." लोक हसले ते पडदा पडेपर्यंत. काल दुसऱ्या नाटकाला हसायलाही माणसं नव्हती. दत्तोपंत, तुमच्यावर माझा राग नाही. आमच्यात बसून बसून तुमचेही कान आमच्यासारखेच झाले.

पण बाईंचं नाटक काय होतं ते ऐका. ते कारखान्यातच घडतं. चार बाया कांड्यांवर सूत भरत बसल्यात, पाठीमागे लूम धडधडतायत. जे घरात बोलता येत नाही ते त्या तिथे एकमेकींना ओरडून सांगतात, कारण तिसऱ्या कुणाला ऐकू जात नाही. ओरडायचंच नाटक. आमच्या नरड्याला शोभेल असं हे एकच होतं, आणि "पुन्हा लोक हसतील" म्हणून तेच तुम्ही काढलंत?

खरं कारण ते नाही. भावजी, घड्याळ बघू नका, घरचंच बोलतेय. नाटकाच्या शेवटी वीज जाते. सगळे लूम एकदम थांबतात. माझं वाक्य तोंडातून निघालेलं असतं, ते त्या शांततेत सगळ्यांसमोर उघडं पडतं. तालमीला लूमच्या आवाजात ते भावजींना कधी ऐकूच गेलं नव्हतं. परवा त्यांनी ते कागदावर वाचलं आणि घरी आले. म्हणाले, "वहिनी, त्या वाक्याचा काय तरी करा. लोक बोलतील आपल्याच घरातला हाय. दादाला काय वाटंल?"

म्हटलं, दादालाच विचारते. आमचे हे जेवायला बसले तेव्हा विचारलं, माझ्या नाटकातलं एक वाक्य भावजींना खुपतंय, तुमचं काय म्हणणं? हे म्हणाले, "कसला नाटक?"

चार महिने मी रोज तालमीला जातेय. "कसला नाटक." आणि ताट पुढे सरकवलं, भाकरी वाढ म्हणून.

वाक्य एवढंच आहे. "घरात माझी वाट कोन बघत न्हाय, भाकरीची बघतात." हे बघा, बोलले. हॉल कोसळला नाही. आणि समोरची एकही बाई हसली नाही, मी बघत होते.

मला फार आशा आहे असं समजू नका. बाईंची बदली मोखाड्याला झाली, रविवारी त्या जाणार. त्या गेल्यावर हे नाटक कोण करणार आहे? संस्थेची पाटी माळ्यावर जाईल आणि पुढच्या वर्षी तिच्यावर कुणी कांदे पसरेल. आमच्यातल्या गोदूबाईला तर तिच्या सासूनं कालच अकलोलीच्या कुंडावर नेलं, गुडघ्याला गरम पाणी चांगलं म्हणून; मला ते इथे आल्यावर कळलं. गुडघे सासूचे दुखतात, आणि सासूला एवढ्या वर्षांत कालच आठवलं. माझं जाऊ दे, आणखी तिघींची चार महिन्यांची हिंमत होती ही. एकदा घरात शिरली की ती पुन्हा बाहेर निघत नाही. मी शेलारची आहे, मला ठाऊक आहे.

तरी विचारते. हॉल नको, पडदा नको, हार नको. शनिवारी कारखाना द्या. लूम चालू ठेवा, लोक उभ्यानं बघतील, शेवटी खटका दाबून सगळं बंद करायचं, बस. गोदूची जागा बाई घेतील. बाई, घेणार ना? बघा, मान हलवली.

तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलंत, त्याचे उपकार. सुमतीबाई, तुम्ही आम्हाला बोलायला शिकवलंत, आता त्याचं काय करायचं ते मात्र आम्हाला माहीत नाही. तिकडे सुखी राहा. बोलताना कुणाला मान द्यायचा राहिला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला.

आणि भावजी, उत्तर शुक्रवारी दुपारपर्यंत पाहिजे. हो का नाही, माझ्या तोंडावर सांगा. ह्यांच्याजवळ निरोप ठेवू नका. माझ्यापर्यंत पोचायचा नाही.