बावीस विहिरींनंतर

सुचित्रा : दाराचा तो दांडा खाली ओढ. एका हाताने नाही, दोन्ही. बस झालं. आता तांदळाच्या पिशवीवर टेक.

क्षिप्रा : आई, तुमच्या ओठातून रक्त येतंय.

सुचित्रा : येऊ दे, कवळी शाबूत आहे. मुलाने जन्मात पहिल्यांदा मारलं, तेही तुझ्या वाटचं. तुझं डोकं बघू. हं. हा पंचा घे, दाबून धर.

प्रताप : (दाराबाहेरून) आई, तू बाहेर ये. तुला चुकून लागलं. मधे यायचं नाही ना.

सुचित्रा : बायकोला लागतं तेही चुकूनच का रे?

प्रताप : हा आम्हा नवरा-बायकोतला विषय आहे.

सुचित्रा : मग त्यात भिंत कशाला घेतलीस? दोनदा आपटलंस तिचं डोकं.

क्षिप्रा : आई, पाया पडते, त्याला डिवचू नका.

सुचित्रा : बरं. हे दार तुटेल का?

क्षिप्रा : नाही. लोखंडी आहे. या देशात सरकारी फ्लॅटमध्ये ही खोली असतेच, बॉम्ब पडला तर लपायला. लोक सुटकेसेस ठेवतात.

सुचित्रा : आणि तुम्ही सासू ठेवलीत. आता कशाने ठोकतोय तो?

क्षिप्रा : डंबेल असेल.

प्रताप : क्षिप्रा, शांतपणे सांगतोय. आत्ता बाहेर आलीस तर एवढ्यावर संपेल. मला थांबायला लावलंस तर नंतर स्वतःच्या पायांनी चालणार नाहीस.

सुचित्रा : ऑफिसातही असाच बोलतोस का रे लोकांशी?

क्षिप्रा : आई, नका ना. आज तुम्ही त्याला विचारलंत, तिथेच चुकलं. कशाला विचारलंत?

सुचित्रा : मला दिसलं म्हणून. रामेश्वरला, त्या बावीस विहिरींवर. पहिल्या काही बादल्यांना पदर अंगभर लपेटून घेत होतीस, मला वाटलं लाजतेयस. सातव्या विहिरीवरच्या माणसाने वरून बादली ओतली आणि तुझा पदर सरकला. पांढरा ब्लाउज, चिंब. तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली मी, डोळे आपोआप मोजतात. नऊ डाग. चार काळेनिळे, पाच पिवळे पडलेले.

क्षिप्रा : चार आदल्या संध्याकाळचे. समुद्रावर गुरुजींनी संकल्पाला गोत्र विचारलं आणि माझ्या तोंडून माहेरचं गोत्र गेलं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी तेच गेलं.

सुचित्रा : मी होते की तिथे. प्रताप हसला. गुरुजीही हसले.

क्षिप्रा : हसला ना. लॉजवर आल्यावर आधी टीव्ही मोठा केला. मग पट्टा काढला.

सुचित्रा : आणि मी शेजारच्या खोलीत म्हणत होते, पोरगा हल्ली किती टीव्ही बघतो.

क्षिप्रा : तुम्हाला काय कळणार.

सुचित्रा : सातव्या विहिरीला कळलं होतं. पुढच्या पंधरा विहिरी तुझ्या मागून चालले आणि तोंड उघडलं नाही. देवळात नको म्हटलं. तुमच्याबरोबर इकडे यायला निघाले तर विमानात नको. काल म्हटलं आल्या आल्या नको. आज रविवार, आज बोलले. तोवर आणखी किती डाग झाले ते मी विचारतही नाही.

प्रताप : आई, ती काय काय सांगतेय तुला? खोटं बोलते ती. वेडी आहे. मी सांभाळतो म्हणून चाललंय.

सुचित्रा : इथे पोलिसांना कोणता नंबर लावायचा?

क्षिप्रा : नको. केस झाली की त्याची नोकरी जाईल, नोकरी गेली की त्याचा इथे राहायचा पास. माझा पास त्याच्या पासावर आहे, आई. माझं इथे स्वतःचं काहीच नाही.

सुचित्रा : माझा तर नुसता एक महिन्याचा आहे. नंबर सांग.

क्षिप्रा : तुमचा मुलगा आहे तो.

सुचित्रा : ते मला नको सांगूस.

क्षिप्रा : मग एक सांगू? तुम्ही आम्हाला रामेश्वरला नेलंत, मूल व्हावं म्हणून. मी गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरले नव्हते.

सुचित्रा : पाचवा महिना होता तुला.

क्षिप्रा : हो.

सुचित्रा : लाथ?

क्षिप्रा : दोन.

सुचित्रा : मी तेव्हा फोनवर तुला काय म्हणाले होते?

क्षिप्रा : जाऊ दे ना आता.

सुचित्रा : काय म्हणाले होते?

क्षिप्रा : फरशी कोरडी ठेवायला काय झालं होतं तुला.

सुचित्रा : दे तो फोन. नंबर?

क्षिप्रा : तीनदा नऊ. आत रेंज येत नाही, त्या भिंतीतल्या भोकाशी धरा.

सुचित्रा : हॅलो, पोलीस? माय सन. ही इज किलिंग हिज वाइफ. नो, नॉट फायटिंग. किलिंग. टॅम्पिनीस. पत्ता माय डॉटर-इन-लॉ विल टेल. घे, सांग. मजला नीट सांग. काय म्हणतात?

क्षिप्रा : त्याचं पूर्ण नाव विचारतायत.

सुचित्रा : इकडे दे, मी सांगते. प्रताप दिलीप सबनीस. येस, आय ॲम मदर. प्लीज कम फास्ट.

प्रताप : आई, कुणाला फोन केलास? आई, सगळं जाईल माझं. तुला समजतंय का? क्षिप्रा, जिवंत सोडणार नाही तुला. ऐकतेयस ना?

क्षिप्रा : मी पुण्यात कुठे जाऊ, आई? माझे आई-बाबा घेणार नाहीत घरात.

सुचित्रा : माझी पुढची खोली रिकामी आहे. डास आहेत, जाळी लावू. ऐक, ठोकणं थांबलं.

प्रताप : आई, डंबेल सटकलं. बोटं चेचली माझी. दोन बोटं. रक्त थांबत नाहीये. दार उघड ना. आई.

क्षिप्रा : आई, दांड्यावरचा हात काढा.

सुचित्रा : हो गं. माझा मला कळलाच नाही, कधी गेला तो. तू धर तो दांडा. मी मागितला तरी देऊ नकोस.

प्रताप : आई, खूप दुखतंय.

सुचित्रा : हात वर धरून बस, प्रताप. येतायत ते लोक.