कोर्ग बंद करायची नाही

नजमुन्निसा : दोन जोडी कपडे बस झाले तुम्हाले. परवा वापस येऊन राह्यलो आपण, हजले नाही चाललो.

शकूर : मी चाललो म्हणून कोणी सांगितलं?

नजमुन्निसा : मी सांगितलं. फोनवर मदिहाले सांगितलं, तिच्या सासूले बी सांगितलं. उद्या तुमच्या पहिल्या नातीचा अकीका आहे. मलिहा नाव ठेवून राह्यले. बुऱ्हाणपूरची सारी बिरादरी जमन अन् विचारन, नाना कुठी आहेत. तवा काय सांगू? नाना बाजापाशी बसून राह्यले?

शकूर : सांग, तब्येत बरी नाही.

नजमुन्निसा : तिच्या लग्नाच्या वलीम्याले तेच सांगितलं. दोन्ही ईदले तेच सांगितलं. तिच्या सासूले वाटते तुम्हाले कोणती मोठी बीमारी आहे. मागच्या खेपेले हळूच विचारे, नागपूरले दाखवलं का म्हणून.

शकूर : तू जाय नं. तुले कोणी अडवलं?

नजमुन्निसा : एकटी गेली का सारे माह्या तोंडाकडे पाहतात. अन् तुम्ही इथी एकटे राह्यले का जेवत नाही, झोपत नाही, बॅटरीकडे टक लावून बसता.

शकूर : दुपारी लाईट जाते नजमा, ते रात्रीच येते. एका बॅटरीवर एवढा वेळ निघत नाही. पहिली उतरायच्या आधी दुसरी—

नजमुन्निसा : मले शिकवता? दुसरी लावल्याबिगर पहिली काढायची नाही, हे मी झोपेत बी सांगीन. तुम्ही बाजारात गेले का मलेच बसा लागते तुमच्या बाजापाशी. गल्लीत कोणाची मयत झाली तरी आपण दोघं बारीबारीनं जातो.

शकूर : बाजा नको म्हणू. कोर्ग आहे ती, जपानी कीबोर्ड.

नजमुन्निसा : बाजा नाही तर काय? ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या घरात, पण लाईट गेली का त्याच्यावर पंखा लावायचा नाही. म्हणून तर पोरगी बाळंतपणाले माहेरी आली नाही. म्हणे, अम्मी, तुमच्या घरी हवा कोर्गले लागते, माणसाले नाही.

शकूर : असं म्हटलं तिनं?

नजमुन्निसा : हसून म्हटलं. हसून म्हटलेलं जास्त लागते.

शकूर : मी काय हौसेनं बसतो का? तिच्या पोटातला सेल मेला. बटनाएवढा सेल. इतक्या वर्षांत मरणारच तो. आता बंद केली का मशीन मरत नाही, तिची याद जाते. मी बसून बसून बनवलेला एकूणएक आवाज पुसून जाईन.

नजमुन्निसा : खामगावचा मेकॅनिक आला होता नं. चालू मशीनमधीच सेल बदलून देतो म्हणे.

शकूर : तापलेलं सोल्डर घालत होता तिच्या पोटात. एक थेंब इकडचा तिकडं पडला असता तर सारं साफ. म्हणे, काका, जमलं तर जमलं. जमलं तर जमलं म्हणणाऱ्याच्या हाती मी कोर्ग देत नसतो.

नजमुन्निसा : मुंबईहून आणली तवा जलंब स्टेशनपासून एसटीत मांडीवर घेऊन बसले होते. मदिहाले बी इतका वेळ मांडीवर नाही घेतलं.

शकूर : अन् पहिल्या दिवशी पियानोचा एकच सूर दाबून धरला मी, तवा रडलं कोण होतं?

नजमुन्निसा : दूध उतू गेलं म्हणून रडली मी.

शकूर : खोटं बोलते. दूध नंतर उतू गेलं.

नजमुन्निसा : पिशवीची चेन लागत नाही, जरा धरा इकडून.

शकूर : अजून बी तिच्यासाठी लोक येतात नजमा. त्या दिवशी अकोल्याचा कीबोर्डवाला आला. त्याच्या नव्या मशीनमधी हजारावर आवाज. तरी इथी चप्पल काढून बसला. म्हणे, काका, तुमची सनई ऐकवा, माह्याजवळ सनई आहे पण ती श्वास घेत नाही. तुमची घेते. तो श्वास टाकाले मले एक अख्खा पावसाळा लागला होता.

नजमुन्निसा : मंग पुन्हा बनवा नं. हात तेच, कान तेच. तसंबी आता कोण बोलावते तुम्हाले? लग्नात डीजे लावतात.

शकूर : सनई बनवीन. बासरी बी बनवीन. सात नंबर कुठून बनवू?

नजमुन्निसा : म्हणून तर ज्याचं ते सात नंबर आहे त्यालेच बोलावलं मी. दोन दिवस तो बसन मशीनपाशी.

शकूर : कोण, इंद्रभान? नजमा, त्याचे हात पाहिले नाही तू? चहाची बशी धरवत नाही त्याले. बॅटरीचा चिमटा निसटला तर—

इंद्रभान : तर काय होईन बे? बोल, बोल. मधातली भिंत अर्ध्या विटेची आहे, मी तिकडूनच ऐकत आलो.

शकूर : ये इंद्रभान. बस. मी आपलं असंच...

इंद्रभान : हातच आहेत, कापतात. लपवायची काय गोष्ट आहे? भाभी, बस कितीची?

नजमुन्निसा : लाईट गेली का अर्ध्या घंट्यानं निघते, भाऊ. अजून टाईम आहे.

इंद्रभान : मंग दाखव बे, काय करायचं ते. शबनम ऑर्केस्ट्रात जिंदगी काढली तुह्या बाजूले ढोलकी वाजवत. दोन चिमटे नाही लागणार का मले?

शकूर : हे पाह्य. ही दुसरी बॅटरी. हिले आधी लाल चिमटा. तो पक्का बसला का काळा. दोन्ही बसले का मंगच पहिलीचे काढायचे. मधात काहीच सुटलं नाही पाहिजे.

इंद्रभान : लाल आधी. थांब, हात नको धरू माहा.

शकूर : मी फक्त आधार—

इंद्रभान : सोड म्हटलं.

नजमुन्निसा : ठिणगी उडाली, अजी.

शकूर : सरक इंद्रभान. सरक तिकडं.

इंद्रभान : सरकलो. चालू आहे नं तुही कोर्ग?

शकूर : चालू आहे.

इंद्रभान : तोंड कसं पांढरं पडलं पाहा ह्याचं.

शकूर : नजमा, माहे कपडे काढ पिशवीतले. मी नाही येत.

नजमुन्निसा : नाही काढत. पाहा भाऊ, हे असं आहे. सवत असती तर तिच्यासंग भांडली असती, एखाद्या दिवशी तिलेच भाकरी टाकाले बसवून माहेरी निघून गेली असती. ह्या बाजासंग काय भांडू? मी या घरात कोंडली गेली, भाऊ. नातीचं तोंड नाही पाहिलं अजून. अन् मले ज्यानं कोंडलं त्याच्यावर राग बी धरता येत नाही, कारण हा माणूस बी इथीच कोंडून बसला.

शकूर : मी तुले जाय म्हटलं.

नजमुन्निसा : तुम्हाले इथी सोडून? जाऊन काय करू, तिथी बी चित्त इथीच राहते.

इंद्रभान : शकूर, एक गोष्ट सांग. ते सात नंबर कायले ठेवलं तू?

शकूर : कायले म्हणजे? तुह्यं आहे ते.

इंद्रभान : माह्यं आहे तर मले कधी विचारलं?

शकूर : विचारायचं काय त्याच्यात? सुनगावचं लग्न पुढं ढकललं होतं, आठवते? आपण इथीच बसलो दुपारभर. मी कोंगोचा आवाज वळवून वळवून ढोलकी केली होती. तू म्हटलं, ढोलकी चामड्याची असते बे, पट्ट्यांची नसते. मंग चिडवत चिडवत तूच पट्ट्यांवर दोन बोटांनी चाट मारली. अंगठा दाबून धरला त अस्सा घुमारा वाकला. तू हसला अन् मंग थांबलाच नाही. मी गुपचूप रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, सात नंबरवर. पुढच्या हंगामात तू कपाशीवर औषधाच्या फवाऱ्याले लागला.

इंद्रभान : नाही त काय करतो? ऑर्केस्ट्राले कोणी बोलावत नव्हतं. कापूस पिकला का लोक लग्नं करत, पोळ्याले नाचत. मंग ते बीटीचं बियाणं आलं. याले फवारा लागत नाही म्हणे. अळीले नसन लागत. मंग तो तुडतुडा, तो मावा, त्याले कोण मारते? साऱ्या शिवाराचा पंप माह्या पाठीवर होता. तोंडाले रुमाल बांधे मी. हाताले काय बांधा लागते, कोणी सांगितलं नाही.

शकूर : म्हणून ठेवलं मी. तुह्ये हात गेले, पण इथी आहेत. कॅसेटवर नुसता आवाज राहते. ह्याच्यात तू कुठी जोरानं मारलं, कुठी हलकेच सोडलं, सारं आहे. मी सूर बदलतो, लय कमी करतो, तरी तू तसाच वाजवते माह्यासंग.

इंद्रभान : रोज संध्याकाळी.

शकूर : हाव. एक दिवस चुकवला नाही मी.

इंद्रभान : अन् भिंतीच्या तिकडं मी बसलेला असतो. आमची मनकर्णा भाकरी थापता थापता थांबते. काही बोलत नाही बिचारी, उठून दार लोटून घेते. दारानं काय होते?

शकूर : मले वाटे, तुले बरं वाटत असन.

इंद्रभान : मले वाटे, तुले बरं वाटते, वाजवू दे. तुह्यं मन कायले मोडायचं?

नजमुन्निसा : या अल्ला. दोघं बी एकमेकासाठी गप बसले. अन् मी बॅटरीपाशी.

इंद्रभान : खरं सांगू का शकूर? त्या मशीनमधी जो बसला आहे नं, त्याचा मले राग येते. तो थकत नाही, त्याचे हात कापत नाही. माही ढोलकी खुंटीवर आहे. गणपतीत नातू म्हणे, आबा, वाजवून दाखवा. वाजवली असती मी, वाकडीतिकडी. पोराले काय समजते? पण हात घालाले उठलो अन् तिकडून तो सुरू झाला. बसलो खाली. तवापासून पोरगं बी विचारत नाही.

शकूर : मले सांगायचं होतं रे.

इंद्रभान : आता सांगितलं नं. लाव एकदा.

शकूर : काय?

इंद्रभान : सात नंबर. माह्या तोंडासमोर कधी लावलं नाही तू.

(कोर्गवर ढोलकी वाजते.)

इंद्रभान : मस्त वाजवे बे मी.

शकूर : मस्तच वाजवे.

इंद्रभान : हे पाह्य, इथी घाई झाली माही. भिंतीतून हे समजत नव्हतं.

शकूर : ती घाई मले आवडते.

इंद्रभान : तुले सारंच आवडते. आता ऐक. तू अन् भाभी निघा. मी बसतो इथी. पण पहिली बॅटरी उतरली का मी दुसरी लावणार नाही. तोंडावर सांगून राह्यलो, मागून म्हणशीन इंद्रभाननं दगा केला.

शकूर : हात कापतात म्हणून म्हणून राह्यला का? मी चिडलो मघाशी, त्याचं मनावर—

इंद्रभान : नाही बे. लावता येते मले. लावत नाही, असं म्हणून राह्यलो.

शकूर : सनई बी जाईन.

इंद्रभान : सनई तू बनवशीन.

शकूर : तुह्यं काय?

इंद्रभान : माह्यं मी पाहीन. खुंटी माह्या घरी आहे.

नजमुन्निसा : लाईट गेली.

शकूर : आज लवकर गेली.

नजमुन्निसा : वेळेवरच गेली. मी आता काही म्हणत नाही, अजी. जिद्द बी करत नाही. तुम्ही नाही म्हटलं तर चूल पेटवतो आपण. पिशवी बांधलेली आहे, एवढंच सांगतो.

शकूर : मले माह्या हातानं बंद करता येणार नाही, इंद्रभान. लय खेपा बटनावर बोट ठेवून पाहिलं मी. नजमा झोपली असताना.

नजमुन्निसा : मी झोपली नव्हती.

इंद्रभान : तुले कोण म्हणते बंद कर? तू जाय.

शकूर : आम्ही बाहेर पडेपर्यंत थांबजो.

इंद्रभान : बॅटरीत अजून जीव आहे. मले काही घाई नाही.

शकूर : अन् मंग वरून फडकं टाकजो. पट्ट्यांत धूळ बसते.

इंद्रभान : टाकतो. अन् हे पाह्य, तिकडं गेल्यावर फोन करून विचारू नको मले.

शकूर : नाही विचारत.

नजमुन्निसा : भाऊ, डब्यात भाकरी आहे, वांग्याची भाजी आहे. मनकर्णाले बी बोलावून घ्या.

इंद्रभान : हाव भाभी. निघा तुम्ही. नातीले आमच्याकडून हात फिरवजा डोक्यावरून.

नजमुन्निसा : चला. पायरी पाहून उतरा.

शकूर : पाहून राह्यलो.

नजमुन्निसा : किती दिवसांनी दोघं संगं निघालो, लोक पाहून राह्यले आपल्याकडे.

शकूर : पाहू दे.

नजमुन्निसा : अजी, थांबा. मागून आवाज येऊन राह्यला. भाऊनं सात नंबर लावलं.

शकूर : हाव. ऐकलं मी.

नजमुन्निसा : थांबायचं असन तर थांबू. संध्याकाळची बी एक बस आहे.

शकूर : नाही. त्याले एकट्याले ऐकू दे. तू सांग, मलिहा कोणावर गेली म्हणते मदिहा?