रुळापाशी उतरायचं असतं

जबाब. दिनांक ३ डिसेंबर २००३, दुपारी सव्वाबारा.

नाव सारजाबाई सोमाजी गावडे. वय ६६, पण ते रेशनकार्डावरचे, खरे आईला ठाऊक. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. धंदा शेती व घरकाम. राहणार येडगाव, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे.

मी वरील नावाची बाई, कोणी बोलावलेले नसताना आज आपल्या पायांनी ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते ते असे की,

माझी नात तेजस्विनी सावळाराम गावडे, वय तेरा, इयत्ता आठवी, हिने आज सकाळी साडेसात वाजता नारायणगावच्या दवाखान्यात डोळे उघडले. सोमवारपासून ती बेशुद्ध होती. तिने पाणी मागितले. दोन चमचे प्याली, तिसऱ्याला "लई गार हाय" म्हणून तोंड फिरवले. म्हणजे आधीसारखीच आहे. मी नर्सबाईचे दोन्ही हात धरून हलवले, ती म्हणाली, "आजी, सलाईन पडंल." त्या आनंदात मी पाव किलो पेढे आणले आहेत. जमादार म्हणतात, जबाबात पेढे लिहीत नसतात. मी म्हणाले, पोरगी बोलली एवढे वर लिहा, मग पुढचे नीट सांगते. त्यांनी लिहिले.

मी आले ते हे सांगायला की आमच्या गावातील टेम्पोवाला अजीज तांबोळी याच्या टेम्पोने माझ्या नातीला धक्का दिलेला नाही. माझा मुलगा सावळाराम याने सोमवारी जी फिर्याद दिली, ती ऐकीव माहितीवरून दिली. तो तिथे नव्हता. मी होते.

आमच्या गावाहून फाट्याकडे जाताना कालव्याच्या अलीकडे रस्त्यात लोखंडी रूळ आहेत. पूर्वी खाणीतला दगड ट्रॉलीतून वाहायला कोण्या ठेकेदाराने घातले. खाण बंद झाली, ठेकेदार गेला, रूळ राहिले. ते रस्त्याला सरळ आडवे नाहीत, तिरके आहेत. रुळाच्या कडेला दोन बोटांची खाच आहे. तिच्यात सायकलचे चाक बरोबर बसते, जणू माप घेऊनच केली आहे. फटफटीचे जाड चाक बसत नाही, टेम्पो-ट्रकचे तर नाहीच. म्हणून पडतो तो सायकलवाला, आणि सायकलवाल्याचे कोण ऐकतो. आमच्या पोस्टमनचे दोन दात तिथेच गेले. माझी सून शीला तिथे दुधाच्या किटलीसकट पडली. माझ्या मालकांचे गळ्याचे हाड तिथे मोडले. ते म्हणायचे, "तिथं सरळ जाईल तो पडंल. रूळ तिरका हाय, म्हणून आपण वाकडं व्हायचं." पण वाकडे व्हायला जागा असते कुठे, मागून गाड्या येतात. म्हणून आमच्या गावचा माणूस रुळापाशी सायकलवरून उतरतो, हातात धरून पलीकडे नेतो आणि मग बसतो. नवरदेव असला तरी उतरतो. पाव्हणा कोण ते आम्ही तिथेच ओळखतो. जो उतरत नाही तो पाव्हणा. मग त्याला रूळच उतरवतो. (जमादार मुद्द्यावर या म्हणाले. हाच मुद्दा आहे.)

दिनांक १ डिसेंबर, सोमवार. मंचरला माझ्या भाचीच्या मुलाचे बारसे होते. कुंची मी शिवली होती, तिला मागे मोती लावले होते, आणि कुंची माझ्यापाशी, तर मला वेळेत पोचणे भाग होते. यष्टी फाट्यावर आठला येते. तेजस्विनी म्हणाली, "आजी, बस कॅरेजवर, तुला सोडते आन् तशीच ओझरला शाळंत जाते." आम्ही पावणेआठला निघालो. मी एका बाजूला पाय सोडून बसले होते, मांडीवर कुंचीची पिशवी. दव पडलेले होते.

अजीजचा टेम्पो आमच्या मागून येत होता. बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस, टेम्पोत गावातल्या भागूची बैलजोडी होती. भागू स्वतः फटफटीवर पुढे गेला होता, म्हणून त्याने काही पाहिले नाही. टेम्पोत अजीज एकटा होता. मध्ये दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढे अंतर होते.

रुळावर पुढचे चाक खाचेत गेले. लोखंड ओले होते. हँडल वळेना. सायकल जागीच अडकली आणि आम्ही पुढे गेलो. मी कडेच्या मातीत पडले, मला खरचटलेसुद्धा नाही. पोरीचे डोके रुळावर आपटले. तो आवाज मी सांगू शकत नाही. त्यानंतर ब्रेक वाजला. टेम्पोतले बैल गुडघ्यांवर आले. टेम्पो थांबला तेव्हा पुढचे चाक पोरीच्या रिबिनीवर होते. लाल रिबीन, शाळेची. चाकाखाली रिबीन होती, केस नव्हते.

लोक धावत आले त्यांनी चाकाखालची रिबीन पाहिली आणि टेम्पोने उडवले म्हणून ओरडले. अजीजला ओढून खाली घेतले. त्याला कोणी कोणी मारले ते मी पाहिले, नावे सांगणार नाही. त्यातले एक नाव घरचे आहे, तो नंतर आला होता. अजीज मला म्हणाला, "मावशी, तुमी बघितलंय ना? सांगा की यांना." मी माझी चप्पल शोधत होते. एक सापडली, एक कालव्यात गेली असावी. त्याने पुन्हा विचारले. मग पोरीला जीपमध्ये घातले आणि मी जीपमध्ये बसले.

दोन दिवस मी दवाखान्यात होते. काल दुपारी अजीजची बायको रुक्साना डबा घेऊन आली. सावळारामने तिला आत येऊ दिले नाही. ती जिन्यात उभी राहिली. मी गेले तर म्हणाली, "मावशी, पोरगी बोलली का काय?" मी म्हणाले, "न्हाई." डबा माझ्या हातात दिला. अजीजचे नाव तिने काढले नाही. डब्यात खिचडी होती, मी खाल्ली.

मला विचारले की, ही हकीकत सोमवारीच का सांगितली नाही. तर सांगते की, पोरीला शुद्ध नव्हती.

मला पुन्हा विचारले की, गावचा माणूस रुळापाशी उतरतो म्हणता, मग त्या दिवशी मुलगी उतरली का नाही. तर सांगते की, पोरगी शहाणी आहे. सहावीपासून सायकल चालवते. कधी पडली नाही.

आज सकाळी पाणी प्यायल्यावर ती मला म्हणाली, "आजी, यष्टी हुकली का गं तुझी?" मी म्हणाले, "हुकली." मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मी उतरले व्हते ना रुळापाशी? मी तर उतरतेच." तिला पडल्याचे काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले असे होते. सावळाराम उशाशी होता. तो म्हणाला, "ऐकलंस? पोरगी सोता म्हणती उतरली व्हती. मंग उभ्या पोरीला टेम्पोनंच उडवलं. हिचाच जबाब द्यायचा." मी त्याला बाहेर नेऊन सांगितले, तसे नाही. तो म्हणाला, "आई, तू गप बस. पोरगी जगली तेवढं बघ." पोरगी खोटे बोलत नाही. तिला तेच खरे वाटते. ती तेच सांगणार आणि सगळे तिचे ऐकणार.

म्हणून मी आले. सावळाराम फाटकाशी फटफटीवर बसला आहे, आत आला नाही. अजीज व्हरांड्यात बाकावर होता. त्याचा डावा डोळा सुजून बंद आहे. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, कशीय पोरगी?" मी म्हणाले, "पाणी प्याली." तो म्हणाला, "अल्लाचा शुकर." मी त्याला पेढा दिला. त्याने तो हातात धरून ठेवला.

तर आता सांगते. रूळ आला तशी तेजस्विनीने ब्रेक लावला, एक पाय खाली टेकवला आणि म्हणाली, "आजी, उतर." मला फाट्यावर लाल दिसले. मी म्हणाले, "अगं यष्टी आली, उतरू नको, हाण तशीच." ती म्हणाली, "आजी, रूळ हाय." मी तिच्या पाठीत बुक्की मारली आणि म्हणाले, "हाण म्हणते ना." तिने पाय उचलला. ती यष्टी नव्हती. उसाचा ट्रक होता. माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू आहे, लांबचे धूसर दिसते. जवळचे दिसते. टेम्पो थांबल्यावर चाक आणि पोरीच्या डोक्यामधले अंतर मी जवळून पाहिले आहे, ते एक वीत होते.

हे सांगताना दार उघडे होते. अजीजने ऐकले असावे. त्याने पेढा खाल्ला का ते मी पाहिले नाही.

हे सर्व जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवले. एका जागी त्यांनी "मुलीचा तोल जाऊन" असे घातले होते. ते मी खोडायला लावले. पोरीचा तोल गेलेला नाही. त्या जागी "आजीने उतरू दिले नाही म्हणून" असे लिहून घेतले. ते पुन्हा वाचायला लावले, दोनदा ऐकले, माझ्या बोलण्याशी जुळते व खरे आहे. खोडलेल्या जागी एक आणि खाली एक अशा दोन सह्या मी स्वतःच्या हाताने करत आहे. तेजस्विनीनेच शिकवली आहे.

सारजाबाई सोमाजी गावडे