गच्चीवरची भेंडी

घरी पाइपांची, मातीशिवाय नुसत्या पाण्यावरची उभी बाग करायची तर काय लावावं, असं मला सगळे विचारतात. पालक लावा, मेथी लावा, पुदिना लावा. फक्त वडिलांना तिकडे फिरकू देऊ नका.

बोंडअळीने सलग दोन वर्षं आमचं नेरचं वावर खाल्लं, तेव्हा आईने बाबांकडून शपथच घेतली, की आता कापूस लावायचा नाही. म्हणून वावरात सोयाबीन आणि गच्चीवर माझे पाइप. पण बाबांच्या खिशात सरकी, म्हणजे कपाशीचं बी, असतेच. एक दिवस पालकाच्या डोक्यावरून एक रोप डोकावलं आणि मी बाबांना वर बोलावलं.

"बाबा, ही कपाशी आहे!"

"हळू बोल, पोरी. आईले भेंडी म्हणून सांग."

सांगितलं. खोटं बोलताना मला उचकी लागते, तरी सांगितलं.

पुढे रोपाला कळ्या लागल्या, तेव्हा आई कपडे वाळवायला वर आली. तिने रोपाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"ते मातीची होती. हे तं पाण्यात आहे. अन् बोंडअळीले काय जिना चढता येते?"

मी घाबरून हाताशी आलेली मिटलेली कळी उघडली. आत गुलाबी अळी वळवळत होती. माझ्या किंकाळीने शेजारचे गच्चीवर आले.

आईने शांतपणे दोरीवरच्या कपड्याला चिमटा लावला आणि बाबांना विचारलं,

"चढून आली बिचारी. चहा ठेवू का तिच्यासाठी?"