रिकामी सायकल मला येत न्हाई

आमी मूळचं हितलंच, उंब्रजपासनं आत चार किलोमीटर गाव, मधी एक चढ, बास. ऊस हाय थोडा, म्हशी हायत, आन् आमी दोघं भाऊ. थोरला अण्णा, त्येचं ध्यान पयल्यापासनं सायकलीत, त्येनं उंब्रजला स्टँडच्या मागं दुरुस्तीचं दुकान टाकलं, आन् मी दुधाचा. गावात मला अजून पांडू दूधवालाच म्हनत्यात. पंचवीस वर्सं, काय सांगू तुमाला, पंचवीस वर्सं सायकलीवर दूध घातलं, मागं कॅरिअरला दोन अंगाला दोन कॅन आन् पुढं दांड्यावर अण्णा, त्येला दुकानावर सोडायचं आन् मग हाटेलांत दूध घालायचं. चढ आला की अण्णा रोज इच्यारायचा, पांडू, उतरू का, आन् मी म्हनायचो, उतर की, इच्यारतोस काय, मग उतरून मागनं कॅनला हात लावून ढकलायचा.

मग मोटरसायकल आली, मग डेअरीची गाडीच दारात येऊन दूध न्यायला लागली, आन् मी बसलो. बसलो म्हंजे बसलोच. पोट सुटलं, गुडघं बोलाय लागलं, च्या चार टाईम.

आन् अण्णाचं तर इचारूच नका. शुगर हुती, त्येनं मनावरच घेतलं न्हाई. अंगठ्याला खिळा टोचला, त्येला कळलंच न्हाई, कळलं तवा हळद लावली, हळदीनं काय हुतंय, पाय काळा पडला आन् गुडघ्याच्या खालनं काढला. दोन वर्सं झाली. माझा भाऊ, सगळ्या पंचक्रोशीच्या सायकली ज्येनं नीट केल्या, त्यो सोप्यातल्या कॉटवर बसून ऱ्हायला. उंबऱ्याच्या भाईर म्हनून पाऊल न्हाई. कोन आलं की भिताडाकडं त्वांड करायचा. मला लय वाईट वाटायचं.

तर औंदा एक दिस मी गोठ्यातनं आलो आन् आमची मंडळी म्हनली, आवं, एका पायातली चप्पल कुठाय? बघतो तर खरंच न्हाई. अंगनभर हिंडलो आन् पायाला पत्ता न्हाई. तवा मी भ्यालो, खोटं कशाला बोलू, अण्णाच्या कॉटकडं बघितलं आन् मंडळीला घिऊन तडक दवाखाना गाठला. कराडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आन् म्हनला, तुमाला बी शुगर हाय, गोळ्या चालू करा आन् रोज घाम येऊ द्या, गुडघ्यामुळं चालनं जमत नसंल तर सायकल चालवा. मी म्हनलं, सायकल व्हय, ती तर माझ्या घरची हाय.

तिथनंच मंडळीला घिऊन दुकानात गेलो. लय चकचकीत दुकान, पोरानं माझी उंची इच्यारली, कुठं चालवनार इच्यारलं, आन् जाड टायरची, गेरची एक काढली. मी सवयीनं मागं हात घातला तर कॅरिअर न्हाई. कॅरिअर कुठाय रं? तर म्हनला, काका, ही फिटनेसची, हिला कॅरिअर नसतंय. मग हिच्यावर ठेवायचं काय? काय न्हाई ठेवायचं, नुस्ती चालवायची. किंमत सांगितली तर तेवढ्यात दोन रेडकं आली असती. तरी म्हनलं, बसून तर बघू. आता दूधवाल्याला मागनं टांग टाकता येत न्हाई, मागं कॅन असत्यात, पाय पुढनं घ्यावा लागतोय, तसा मी पुढनं घेतला, गुडघा अडकला हँडलात, आन् कसाबसा बसलो तर हँडल असं लटालटा हलाय लागलं का मी सायकलीसकट आडवा. लोकं बघत्यात. मंडळी आदी हसली, मग माझं त्वांड बघून मला उठवाय धावली. पंचवीस वर्सं चालवलेला मानूस मी, मला सायकल येत न्हाई!

घरी सांगितलं तर अण्णा हसला. दोन वर्सांत पयल्यांदा, पार डोळ्यांतनं पानी काढून हसला. खुळ्या, म्हनला, तू जलमात कवा रिकामी सायकल चालवलीस का? तुला मागं भार लागतोय. आन् त्या एका चढासाठी गेर कशाला, बिघडला तर हात कोन घालनार? जुनी काळी बघ, हँडल उंच पायजे, तुझं पोट मधी येतंय, शीट स्प्रिंगची रुंद, आन् घेन्याआदी माझ्याकडं आन.

उंब्रजच्या एका दुकानातनं जुनी एक आनली, अण्णानं मागलं चाक फिरवलं, डोळं मिटून ऐकलं आन् म्हनला, परत दे, आतनं गेलीया. दुसरी एका मास्तरांची, भिताडाला टांगून ठेवल्याली, स्वस्तात दिली बिचाऱ्यांनी. तिचं चाक त्येनं लय येळ ऐकलं. मग म्हनला, माझा पाना आन. सगळी दुपार तारा आवळत बसला, कोपरापातुर काळा झाला, आन् मंडळीनं रॉकेल दिलं तर पयल्यासारखा हात चोळत बसला.

दुसऱ्या दिशी सकाळी मी अंगनात बसलो तर परत तेच, लटालटा. मग मी एक कॅन काढला आन् पान्यानं भरला. अण्णा दारातनं म्हनला, पानी कशाला वाहतोस? मी म्हनलं, भार पायजे म्हनलास न्हवं? त्येनं कॅनकडं एकदा बघितलं. मग कुबडी घेतली आन् म्हनला, मी हाय की.

मी कॅन बाजूला सारला, उगं काय बोललो असतो तर माघारी फिरला असता. कॅरिअरवर पोत्याची घडी टाकली, त्येला एका अंगाला बसवला, कुबडी दांड्याला बांधली, पाय पुढनं घेतला, आन् सायकल निघाली, सरळ, जरा बी हलली न्हाई. पारावरची मानसं उठून उभी ऱ्हायली. अण्णानं मान खाली घातली आन् माझा सदरा मागनं घट्ट धरला. मग कुनीतरी वरडलं, अण्णा, माझं पायडल वाजतंय गड्या, आन् ह्यो मागनं म्हनतोय, संध्याकाळी घिऊन ये.

चढ आला. मला धाप लागली, पायडल जड झालं, आन् मागनं सवयीनं आवाज आला, पांडू, उतरू का?

मी पायडलवर जोर टाकला. मी म्हनलं, बस रं. माझं हायत की पाय.

आता रोज दोघं उंब्रजपातुर जातोय. अण्णाच्या जुन्या दुकानाच्या जागंवर मोबाईलवाला हाय, त्येच्या कट्ट्यावर बिनसाकरंचा च्या घेतो आन् माघारी येतो. डॉक्टर म्हनतोय, शुगर जरा उतरलीया. अण्णापाशी पारावर दोन-तीन सायकली असत्यात. तुमी बी बूट काढून रातच्याला पाय बघत जावा, देव करो आन् तुमचं शाबूत ऱ्हावोत. चढाला अण्णा अजून रोज इच्यारतोय. मी अजून रोज म्हनतोय, बस.