तीनदा परत गेलेली साडी

माह्यावर कोणाचा विश्वासच नाई बसला. भावाच्या पोरीच्या लग्नात नेसाले मी टीव्हीवर पाहून साडी मागवली. महिना झाला, लग्न चार दिवसांवर आलं, तरी साडीचा पत्ता नाई. जाऊ म्हणे, "तू मागवलीच नसंन."

शेवटी आलापल्लीहून पार्सल घेऊन येणाऱ्या भाऊले मी रस्त्यातच अडवलं. "काऊन गा, माही साडी कुठी आहे?"

"थैलीतच आहे, बाई. तीनदा आणून परत नेली. तुमच्या ओट्यावर बसलेल्या माणसाले विचारलं, कल्पनाबाई कुठी राहते? तो म्हणे, या नावाचं इथी कोणी नाई."

ओट्यावर माहा नवराच बसते. कल्पना हे नाव आधार कार्डावर. गावासाठी मी बबलूची माय, आन् घरधन्यानंही बावीस वर्षांत दुसरी हाक मारली नाई.

मी साडी हिसकली. पार्सलवाला म्हणे, "उशीर काऊन झाला, ते लिहा लागते. कोणाची चूक लिहू?"

लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव मी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी चारचौघांत खणखणीत सांगितलं, "लिही. वासुदेव."